कापसाच्या गाठीतले नानाकाका

"आज्जी, तू हे वाचू नको हं. तुला झेपायचं नाही," असं म्हणून सानिकानं पुस्तक उशीखाली सारलं आणि ती न्हायला गेली. सानिका माझी नात, पुण्याची. कॉलेजात जाते. दिवाळीला खामगावला येते आणि आली की मला काय झेपणार नाही ते ठरवत बसते. मी उभा जन्म पोरींच्या शाळेत मराठी शिकवलं, दोन बाळंतपणं आणि एक हेडमास्तरीणबाई झेलल्या, आणि मला म्हणे एक चित्रांचं पुस्तक झेपायचं नाही! तिनं न्हाणीघराचं दार लावलं आणि मी उशी उचलली.

पुस्तक इंग्रजी होतं. कुठल्याशा परदेशी गावातली शाळकरी पोरंपोरी, गोरीगोमटी, हसरी. जुन्या काळी त्यांची घरोघर वाचली जाणारी सोज्वळ चित्रपुस्तकं होती, हे मागच्या पानावर लिहिलेलंच होतं. आता कोणी नव्या माणसानं तेच चेहरे, तेच कपडे, तेच गाव उचलून त्यांच्या हातात सुरा दिला होता. पहिल्याच पानावर नदीत प्रेत. सानिका केस पुसत बाहेर आली तोवर माझं अर्ध्याच्या वर वाचून झालं होतं.

"घाबरली नाहीस?"

"कायले घाबरू? रक्त जरा जास्त घातलंय. बाकी बरं आहे. पण हे आमच्या घरी केव्हाच होऊन गेलं."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी तिला विमलताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, सांगायला बसले, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की बाहेर तोच मोसम सुरू झालेला आहे.

कापसाचा मोसम. तो येतो तेव्हा खामगावात कोणाला पंचांग बघावं लागत नाही. सकाळी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काढावं तर त्याला बारीक पांढरा लोंब, उडता कापूस, चिकटलेला. तुळशीवर लोंब, विजेच्या तारांवर लोंब, रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना लोंब. आता कापूस ट्रकांतून येतो, सरकी काढायच्या जिना, ते कारखाने, गावाबाहेर गेले, एका जुन्या जिनिंगच्या जागेवर मंगल कार्यालय झालंय. पण लोंब आपला येतोच. सरकीचा तो तेलकट, उबट वास आला की मी कुठेही असले तरी क्षणभर पंधरा वर्षांची होते, आणि विमलताई सतरा.

तेव्हा गाड्या यायच्या. बैलगाड्या. मार्केटापासून थेट नाक्यापर्यंत लागलेल्या, कापसानं फुगलेल्या, आणि वर गाडीवान पालथा झोपलेला. पहाटे जिनेचा भोंगा व्हायचा आणि बायका लगबगीनं निघायच्या, पदरात भाकर बांधून. संध्याकाळी त्याच बायका परत यायच्या त्या म्हाताऱ्या होऊन. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. मग आडावर तोंड धुतलं की परत जुवान. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं. त्यांच्या खोकल्याकडे माझं लक्ष कधी गेलं नाही, ताईचं गेलं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठं कोर्ट नागपूरला, मोठे साहेब नागपूरला, शाळा तपासायला येणारा इन्स्पेक्टर नागपूरचा. आमच्या मनाचा कल मात्र पुण्याकडे. का, ते विचारू नका. पुण्याचे लोक आमची भाषा ऐकून हसायचे आणि आम्ही तरी त्यांचीच मासिकं मागवायचो. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. त्यांचा एकच शौक. पुण्याचं एक मुलांचं मासिक ते वर्गणी भरून घ्यायचे, आणि वर्ष संपलं की बारा अंक रहीमभाईंकडे देऊन त्यांचं एक जाडजूड पुस्तक बांधून घ्यायचे. रहीमभाई मशिदीमागच्या गल्लीत पुस्तकं बांधायचे. लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल. बैठकीतल्या कपाटात अशी लाल पुस्तकं ओळीनं उभी असायची. पाहुणा आला, पाणी पिऊन झालं, की अण्णा उठून एक खंड काढणार आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवणार. पाहुणा वांग्याचा व्यापारी असो की मामलेदार, त्याला तो चाळावाच लागे.

त्या मासिकात एक चित्रकथा यायची. शरद आणि कुमुद, भाऊबहीण, आमच्याच वयाची. त्यांचे एक नानाकाका. गोष्ट दरमहा तीच. शरदला रस्त्यात पाकीट सापडे, तो परत करी. कुमुद आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देई. आणि शेवटच्या चौकटीत नानाकाका, टोपी, उपरणं, हातात काठी, एक बोट वर करून म्हणायचे, "पाहिलंत ना मुलांनो!" आणि मग जे काय पाहिलं ते पुन्हा समजावून सांगायचे. त्या दोघांना कधी खरूज झाली नाही. कधी त्यांच्या आईनं त्यांना झोडपलं नाही. कुमुदच्या दोन वेण्या, त्यांना दोन फिती, आणि फितीची गाठ कधी म्हणून ढिली नाही. आम्ही दोघी त्यांच्यावर जळायचो आणि अंक आला की आधी तेच पान उघडायचो.

मग लढाई लागली आणि कागदाची टंचाई आली. मासिक वाळत चाललं. पानं कमी, कागद पिवळा, आणि एका महिन्यात शरद-कुमुद आलेच नाहीत. जागेअभावी चित्रकथा काही काळ देता येत नाही, अशी दोन ओळींची सूचना. मला वाईट वाटलं. ताईला भूक लागल्यासारखं झालं. तिनं अण्णांच्या कचेरीतले पाठकोरे कागद मासिकाच्या मापाचे कापले, टाक काढला, आणि म्हणाली, "थे नाही देत तं आपण देऊ."

ताईचा हात विलक्षण होता. शाळेतले चित्रकलेचे मास्तर अण्णांना दोनदा घरी येऊन सांगून गेले होते की नागपूरला चित्रकलेची शाळा आहे, मुलींनाही घेतात, पोरीला पाठवा. अण्णा हसून चहा देत. मास्तरांना त्यांनी खंडही दाखवले होते.

पण शरद-कुमुद तिनं सुरू केले तेव्हा पहिले दोन भाग अगदी मासिकासारखेच होते. पाकीट, परत करणं, बोट. ती कंटाळली. त्याच सुमारास अण्णांच्या ओळखीनं आम्हाला एका जिनेतलं प्रेसघर बघायला मिळालं. खाली खोल पेटी, त्यात वरून कापूस ओतायचा, आणि माणसं आत उतरून तो पायांनी तुडवायची. ताल धरून, गाणं म्हणत. मग ती बाहेर यायची आणि वरून प्रेस उतरायचा. गाडीभर कापसाची ट्रंकेएवढी गाठ व्हायची, लोखंडी पट्ट्या आवळलेली, ठोकून बघा तर लाकूड. गाठ रेल्वेनं जलंब जंक्शनला, तिथून मुंबईला, तिथून बोटीनं कुठल्या कुठे. ताई कठड्याला धरून वाकून बघत होती. घरी येताना म्हणाली, "शके, त्याच्यात एखादा माणूस राह्यला तर कोणाले समजन का वं?"

मी म्हटलं, "कोण राह्यते त्याच्यात?"

"नानाकाका," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शरद-कुमुद सुट्टीत नानाकाकांबरोबर खामगावला येतात. नानाकाका गाडीवानांना स्वच्छतेवर सांगतात. जिनेतल्या खोकणाऱ्या बायकांना सांगतात की पहाटे लवकर उठलं की छाती मोकळी होते. सहा चौकटी नुसतं बोट. सातव्या चौकटीत कुमुद अंगणातल्या धोत्र्याकडे बघते. आठवीत ती नानाकाकांना वरण-भात वाढते, वर तूप. नववीत प्रेसघर. दहाव्या चौकटीत गाठ, आणि गाठीतून बाहेर आलेलं ते एक बोट, आणि शरद ते हळूच आत दाबतो आहे.

मी पोट धरधरून हसले. मग मला भीती वाटली, कारण कुमुदचा चेहरा ताईनं जरासुद्धा बदलला नव्हता. त्याच वेण्या, त्याच फिती, तेच हसणं, मासिकातून पातळ कागदावर गिरवून घेतलेलं. रात्रीच्या चौकटीत शाई पुरेना म्हणून ताई काजळ भरायची आणि त्या अंधारात कुमुदचे दात तेवढे पांढरे. ती अजूनही आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देत होती. फक्त आता ती त्याला कुठे नेईल, याची खात्री उरलेली नव्हती.

पुढच्या भागात शरद नानाकाकांची टोपी घालून, काठी घेऊन, गावभर बोट वर करत हिंडतो, आणि नानाकाका नाहीत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. हे सुचल्यावर ताई इतकी खूश झाली की तिनं मला गुळाचा अख्खा खडा दिला. मग शिवणकामाच्या बाई गेल्या. मग पाकीट परत घेताना आत हात घालून बघणारे एक शेठ गेले. कुमुद सगळ्यांशी नम्रपणे बोलायची. ताई सैपाकघरात पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबून म्हणायची, "सापडलं," आणि पिठाच्या हातानं उठायची. आई ओरडायची, "काय सापडलं वं? काय करून राह्यली ते तरी सांग." ताई म्हणायची, "काई नाई." काढून झालेली पानं ती त्या त्या महिन्याच्या अंकात घालून ठेवी. त्या घरात दुसरी जागाच नव्हती आपली म्हणायला, आणि जुने अंक आम्हा दोघींशिवाय कोणी उघडत नसे.

आज मी लांबून बघते तेव्हा एक गोष्ट कळते. ताईचा नानाकाकांवर राग नव्हता. असले काका आमच्याकडे आठवड्याला दोन यायचे, चहा पिऊन जायचे, त्यांना मारत बसलं तर दिवस पुरला नसता. तिला वेगळंच कुतूहल होतं. चांगल्या मुलांचं पुढे काय होतं, ते मासिकात कधी येत नसे. ती कायम तेवढीच राहायची, तसंच पाकीट परत करत. कुमुद सतरा वर्षांची झाली की काय करते, हे पुण्याच्या संपादकांना ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. ताई स्वतः सतरा वर्षांची होती आणि तिला ते हवं होतं.

कारण तिचं बघणं सुरू झालेलं होतं. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला ती उंच वाटली, दुसऱ्याला सावळी. अण्णा वैतागले. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी आईला सांगितलं, आम्ही वाढत होतो, "मेहकरचं एक स्थळ येऊन राह्यलं. हे शेवटचं. हेही नाही म्हणाले तर मी काई आता उंबरे झिजवत नाही. मास्तर म्हणतात तसं नागपूरले धाडून देतो. चित्रकलेची मास्तरीण तरी होईल."

आईचा हात भातावर थांबला. ताईनं आमटी वाढली, ती ताटाबाहेर. नंतर मागच्या अंगणात तिनं माझे दोन्ही खांदे इतके घट्ट धरले की दुखलं. "ऐकलं ना तू? अण्णा म्हणाले ना? बोलले ना तसं?" हाव, बोलले, म्हटलं. त्यानंतर ती रोज देवाला नमस्कार करताना काय मागत असेल ते मला माहीत होतं आणि आईलाही बहुतेक माहीत होतं. आई दुसरं मागत होती. एकाच देवघरात दोघी.

कापूस तेव्हा अगदी भरात होता. हवेत गारवा, अंगणात तुरीच्या शेंगा उकडायला ठेवलेल्या, आणि भोंगा आता दोनदा व्हायला लागला होता. मेहकरची मंडळी रविवारी येणार. आम्ही दोघी शुक्रवारी मावशीकडे शेगावला गेलो होतो, शनिवारी दुपारी परत आलो तर बैठकीत रहीमभाई बसलेले. पांढरी दाढी, डोक्यावर लोंब, आणि समोर नवा कोरा लाल खंड, खळीचा ओला वास येत असलेला. अण्णांनी वर्षाचा गठ्ठा आम्ही नसताना त्यांच्याकडे दिला होता आणि रविवारच्या आत द्या म्हणून घाई केली होती.

"अण्णासाब, यावर्षी अंक लय पतले," रहीमभाई म्हणत होते. "म्या म्हटलं, खंड दिसन कसा? पन बीचमधी सुट्टी पानं भेटली. पुरवणी असन. थे बी ज्याच्या त्याच्या जागी शिवून घेतली. एक पान इकडचं तिकडं नाही होऊ देल्लं."

"वा, रहीमभाई," अण्णा म्हणाले. "म्हणूनच तर तुमच्याकडे देतो."

ताई दारातच उभी राहिली. रहीमभाईंचा काय दोष? जन्मभर त्यांनी मासिकांच्या सुट्या पुरवण्या, नकाशे, रंगीत चित्रं शिवली होती. सुटं पान दिसलं की ते आत घ्यायचं, टाकायचं नाही, हा त्यांचा धर्म. अण्णा आत आईशी बोलायला गेले तशी आम्ही खंड घेऊन मागच्या अंगणात पळालो. सगळं होतं. मार्चपासून थेट शेवटपर्यंत, जागच्या जागी, पक्कं शिवलेलं. कडा कापताना एका पानावर नानाकाकांचे पाय तेवढे कापले गेले होते. शेवटचं पान अपुरं होतं. खामगावच्या फलाटावर जलंबची गाडी लागली आहे, डब्यातून नागपूरहून आलेला पोलीस अधिकारी उतरतो आहे, आणि कुमुद समोर उभी आहे, वेण्या घातलेली. खाली ताईच्या अक्षरात, पुढील अंकी.

"फाड," मी म्हटलं. "आत्ता फाड. मी ब्लेड आणते. उद्या अण्णा हेच दाखवतील त्याईले."

खंड मांडीवर घेऊन ताई तुरीच्या शेंगांच्या चुलीपाशी बसून राहिली. मग तिनं खंड मिटला, पदरानं पुसला, आणि म्हणाली, "राहू दे."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा भीती वाटली, आणि तितकाच आनंद झाला. कोण घरंदाज माणूस, असली चित्रं काढणारी मुलगी सून म्हणून नेईल? ताईनं स्वतः जाऊन खंड कपाटात ठेवला. अगदी पुढे, हाताला येईल असा.

मेहकरचे पाहुणे आले. मुलगा शाळेत शिक्षक होता, काटकुळा, खाली मान घालून सतरंजीची वीण बघत बसलेला. त्याचे वडील निवृत्त फौजदार. दार अडेल एवढे अंग, मिशा, आणि बसल्या बसल्या सगळं घर नजरेनं मोजणं. आम्ही सैपाकघराच्या दाराआड. पोहे परतले जात होते. पाणी झालं, प्रवासाची चौकशी झाली, अण्णा उठले. कपाटाच्या दाराचा आवाज मी आजही ओळखीन.

"हे पाहा, कालच बांधून आलं," अण्णा म्हणाले.

पानं उलटण्याचा आवाज. मग तो थांबला. पोहे गार व्हायला लागले तरी ताई बशा भरेना. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. तिच्या लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. ती आधीच नागपूरला पोचलेली होती.

आणि मग बैठकीतून असं गडगडाटी हसू आलं की कोनाड्यातली चिमणी खाली पडली. "अण्णासाहेब," फौजदार म्हणत होते, "हे पुण्याचे लोक पागल झाले का हो? काकाले कापसात दाबलं! हे पाहा. बोट पाहा याचं!"

अण्णांनी वाकून पाहिलं असावं. त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही. "हे... हे मासिकातलं नाही. मले काई कल्पना नाही, फौजदारसाहेब, आईशप्पथ."

"तेच म्हणतो. हे तं आपल्या खामगावचं प्रेसघर आहे. पुण्यातल्याले काय समजते गाठ कशी बांधते ते! कोणं काढलं हे?"

आईनं ताईचा पदर धरला. ताईनं तो सोडवून घेतला, पोह्यांचं ताट उचललं, आणि बैठकीत जाऊन, ताट खाली ठेवायच्याही आधी म्हणाली, "मी काढलं ते. सगळं मीच काढलं."

मी दाराच्या फटीतून बघत होते. फौजदारांनी तिला खालून वरपर्यंत पाहिलं, संशयितांना बघत आले असतील तसं. ताई मान ताठ ठेवून उभी. मग त्यांनी पान पुन्हा उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं.

"बाई, एक गोष्ट इसरल्या तुम्ही. मानसाचं वजन. गाठ काट्यावर जाते. अशी गाठ जलंबलाच धरली असती आम्ही."

ताई म्हणाली, "कुमुदनं तेवढा कापूस कमी केला होता."

फौजदार मांडीवर थाप मारून मुलाला म्हणाले, "ऐकलं का बे? तीस वर्षं नोकरी केली, असा जबाब कोणं देल्ला नाही मले. अण्णासाहेब, आपल्याले मुलगी पसंत आहे. दुसरं काई पाहायचं नाही. आमच्या घरात समदे नानाकाकाच भरलेत, एखादी अशी पाह्यजेच." पुन्हा हसू. "आन पुढं काय होते? तो अंमलदार धरते का तिले?"

"अजून काढायचं आहे," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं.

"मंग काढा ना! आमच्या घरी येऊन काढा. तुमाले कोण अडवते?"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई देवघराकडे धावली. मुलानं पहिल्यांदाच मान वर करून ताईकडे पाहिलं आणि तो मनापासून हसला. चांगला हसला, खोटं कशाला बोलू. माझी ताई मात्र तिथेच पोह्यांचं ताट हातात धरून उभी होती, आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. तिनं सगळ्यांचा अंदाज घेतला होता, फक्त तिचं काम कोणाला आवडेल, हा हिशेब तिनं धरला नव्हता. मला त्या क्षणी त्या हसऱ्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की धोत्रा आठवला.

कापूस संपायच्या आत लग्न झालं. खंड फौजदार सोबत घेऊन गेले, गावातल्यांना दाखवायला. तो मेहकरलाच राहिला आणि पुढे एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ला.

आणि कोणी अडवलं नाही हो तिला. हेच सांगायला मला नेहमी अवघड जातं. छळ झाला असता, कोणी टाक मोडला असता, तर सांगायला सोपं होतं. सासरे कौतुकानं विचारायचे, "काय म्हणते कुमुद?" भाऊजींनी अकोल्याहून रंगांची पेटी आणली, कागद आणले. पण घरात माणसं पंधरा, गोठ्यात चार म्हशी, आल्यागेल्याचं राबतं घर, मग एकामागून एक लेकरं. एकदा मी गेले होते तेव्हा पेटी उघडून पाहिली. रंग तडकून वाळले होते, ब्रश कोरे. ताई म्हणाली, "पाहू, हे धाकटं जरा चालायले लागलं की." त्याच्यामागून आणखी एक धाकटं आलं. मी शिकले, नोकरी केली. अण्णा तोवर शहाणे झाले होते. मासिकानं लढाईनंतर शरद-कुमुद पुन्हा सुरू केले. नानाकाका ठणठणीत होते. मी ते पान उलटून पुढे जायची.

सानिकानं हे सगळं तोंडात बोट घालून ऐकलं. "मावशीआजी हे करायची? पापड लाटणारी मावशीआजी?" तिला धीर धरवेना. तिनं तिथल्या तिथे मेहकरला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये गादीवर ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी, कोणाचं तरी पोर, मग ताई. ताईला आता ऐकू कमी येतं, म्हणून सानिका ओरडूनच बोलली.

"मावशीआजी, शेवट सांग ना! त्या कुमुदला पकडलं का गं पोलिसांनी?"

"कोणाले?"

"कुमुदला! जिनं नानाकाकांना मारलं ती!"

पलीकडे ताईनं कोणाला तरी कुकर उतरवायला सांगितलं. मला वाटलं, विसरली असेल.

"नाही," ताई म्हणाली. "पकडलं नाही. लग्न करून देल्लं तिचं."

सानिका खदखदून हसली. मी फोनकडे बघत ताईच्या हसण्याची वाट पाहिली. ती हसली नाही.